धंदा वाढला की विचारले जाणारे कायद्याचे प्रश्न

माझ्याकडे येणारे बहुतेक उद्योजक धंदा सुरू करताना येत नाहीत. ते येतात बारा-पंधरा वर्षांनी, हातात एक लिफाफा घेऊन. कधी पीएफ कार्यालयाचा, कधी जीएसटीचा, कधी सख्ख्या भावाच्या वकिलाचा. इचलकरंजीचा यंत्रमागवाला असो, शिरोलीचा फाउंड्रीवाला असो की पुण्याचा सॉफ्टवेअरवाला, प्रश्न फिरून फिरून तेच. ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं महाराष्ट्रातल्या व्यवसायांना धरून आहेत. गोव्यात केंद्राचे कायदे हेच, पण दुकान, भाडं आणि मुद्रांक यांचे नियम वेगळे, हे गोव्याच्या वाचकांनी लक्षात ठेवावं.

मालकी आणि भागीदारी

धंदा माझ्या एकट्याच्या नावावर नीट चालला आहे. उलाढाल वाढली म्हणून कंपनी करायलाच हवी का?

नाही. उलाढाल कितीही झाली तरी कंपनी कराच असं कुठलाही कायदा म्हणत नाही. प्रश्न जोखमीचा आहे. प्रोप्रायटरी धंद्यात तुम्ही आणि धंदा कायद्याच्या नजरेत एकच. धंद्याचं देणं थकलं तर घर, शेत, बायकोच्या जोडीने घेतलेल्या फ्लॅटमधला तुमचा हिस्सा, सगळं पणाला लागतं. शिवाय मालक गेला की जीएसटी क्रमांक, परवाने, बँकेतलं चालू खातं, सगळं त्याच्याबरोबर थांबतं आणि मुलांना नव्याने सुरुवात करावी लागते.

प्रायव्हेट लिमिटेड किंवा एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) केली की तुमची जबाबदारी गुंतवलेल्या भांडवलापुरती राहते. पण कंपनी पाळायला खर्च येतो. वर्षभरात एक रुपयाची विक्री झाली नाही तरी कंपनीचं ऑडिट होतं आणि ताळेबंद व वार्षिक विवरण कंपनी रजिस्ट्रारकडे जातं. उशीर झाला तर प्रत्येक फॉर्ममागे दिवसाला १०० रुपये, आणि त्याला कमाल मर्यादा नाही. सलग तीन वर्षं विवरणं भरली नाहीत तर संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरतो. २०१७ साली देशभरात तीन लाखांहून अधिक संचालक असे एका फटक्यात अपात्र झाले. त्यात कित्येक जण असे होते की कुणीतरी सांगितलं म्हणून कंपनी काढली आणि विसरून गेले. एलएलपी त्या मानाने हलकी: उलाढाल ४० लाखांच्या आत आणि भागीदारांचं योगदान २५ लाखांच्या आत असेल तर तिला एलएलपी कायद्याखालचं ऑडिटही लागत नाही.

माझं मत विचाराल तर, बाहेरचा पैसा घ्यायचा असेल किंवा माल-सेवेत मोठ्या नुकसानभरपाईचा धोका असेल तर कंपनी. घरच्याघरी धंदा असेल तर एलएलपी पुरते. नुसत्या व्हिजिटिंग कार्डावर ‘मॅनेजिंग डायरेक्टर’ लिहिता यावं म्हणून कंपनी काढू नका.

कंपनी केली म्हणजे बँकेचं कर्ज माझ्या अंगावर येणार नाही ना?

येईल, कारण बँक तुमची वैयक्तिक हमी घेतल्याशिवाय लहान कंपनीला सहसा दमडी देत नाही. हमीदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, त्यामुळे आधी कंपनीकडून वसूल करा आणि मग माझ्याकडे या, असं म्हणता येत नाही. कंपनी दिवाळखोरीत गेली आणि तिथे तोडगा निघाला, तरी हमीदार आपोआप सुटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली स्पष्ट केलं आहे. बायकोची, आईची सही ‘फक्त फॉर्मॅलिटी’ म्हणून घेतात तीही हमीच असते.

आम्ही भावाभावांचा धंदा आहे. लेखी कशाला? उद्या लोक काय म्हणतील?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा आला आहे आणि भाऊबंदकीची सर्वांत महाग प्रकरणंही इथूनच निघाली आहेत. लेखी नसेल तर भागीदारी कायदा, १९३२ तुमच्या वतीने ठरवतो. तो काय ठरवतो ते ऐका. नफा सगळ्यांना समान. धंद्यात राबल्याबद्दल कुणालाही पगार नाही. भांडवलावर व्याज नाही. म्हणजे सकाळी आठला शटर उघडून रात्री दहाला बंद करणारा धाकटा आणि पुण्यात नोकरी करत फक्त दिवाळीला हिशेब बघायला येणारा थोरला, दोघं बरोबरीचे. भागीदार वारला तर, वेगळं ठरलेलं नसल्यास, भागीदारीच संपते.

त्यामुळे डीडमध्ये, म्हणजे भागीदारीच्या लेखी करारात, चार गोष्टी हव्यातच: कोण किती भांडवल आणतो, कोण किती उचल घेतो, एखादा बाहेर पडला तर त्याच्या हिश्श्याची किंमत कोण आणि कशी काढणार, आणि वारसाला भागीदारीत घ्यायचं की पैसे देऊन मोकळं करायचं. तिसऱ्या मुद्द्यावर वेळ घालवा. ताळेबंदात शेड १९९८ च्या किमतीला दिसते आणि बाहेर पडणारा भाऊ आजचा बाजारभाव मागतो. भांडण नेमकं या दोन आकड्यांच्या मधल्या जागेत होतं. बाहेर पडलेल्याचा हिशेब चुकता न करता उरलेल्यांनी धंदा चालू ठेवला, तर वेगळा करार नसल्यास त्याला नफ्यातला वाटा किंवा सहा टक्के व्याज, यातलं जे हवं ते मागता येतं.

डीड केलं म्हणजे झालं असंही नाही. रजिस्ट्रार ऑफ फर्म्सकडे नोंद नसलेल्या फर्मला करारातल्या हक्कासाठी बाहेरच्या माणसावर दावा लावता येत नाही. ४० लाखांची उधारी बुडाली आणि वकिलाने पहिला प्रश्न विचारला, ‘फर्मची नोंदणी?’ तेव्हा चेहरा उतरलेले मी पाहिले आहेत. नोंद असली तरी तीत आजचे भागीदार दिसायला हवेत. मुलगा दहा वर्षांपूर्वी भागीदार झाला आणि नोंदीत अजून फक्त आजोबा, असं असेल तर समोरचा वकील खूश होतो. महाराष्ट्राने १९८४ साली याहून कडक दुरुस्ती केली होती. नोंदणी नसेल तर भागीदाराला आपसांतला हिशेब मागायलाही कोर्टात जाता येत नव्हतं. ती सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली रद्द केली. बाहेरच्यांवरच्या दाव्याची अट मात्र जागच्या जागी आहे.

आणि एक. भागीदारांना फर्मकडून मिळणारा पगार, व्याज, कमिशन वर्षाला २० हजारांवर गेलं की १ एप्रिल २०२५ पासून फर्मने त्यावर १० टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापून सरकारकडे भरायचा आयकर, कापायचा आहे. ‘घरच्याघरी कसला टीडीएस’ म्हणून अनेक फर्मचं हे राहून गेलं आहे.

मित्र आणि मी, कंपनीत पन्नास-पन्नास टक्के. बरोबरीचं म्हणजे न्याय्यच ना?

दोघांचं पटतंय तोवर. पटलं नाही की एकही ठराव पास होत नाही, बँकेतल्या सह्या अडतात, आणि कंपनी जागेवर उभी राहते. ५१-४९ करा असं मी म्हणत नाही, कारण ४९ वाल्याला मग झोप लागत नाही. पण मतभेद झाला तर कोण कोणाचे शेअर कोणत्या भावाने घेणार, हे आधीच ठरवा.

दोघांत केलेला शेअरहोल्डर करार कपाटात ठेवून भागत नाही. शेअर विकण्यावरचं बंधन कंपनीच्या आर्टिकल्समध्ये, म्हणजे तिच्या अंतर्गत नियमावलीत, नसेल तर ते कंपनीला बांधत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली एका प्रकरणात म्हटलं होतं. ती कंपनीही घरचीच होती. म्हणून करार झाला की त्याच महिन्यात आर्टिकल्स बदलून घ्या.

मेहुण्याचा मित्र धंद्यात २० लाख घालतो म्हणतोय. कागद काय करायचा?

आधी ठरवा की हे कर्ज आहे की हिस्सा. ‘बघू पुढे’ हे उत्तर कायद्याला चालत नाही. प्रायव्हेट कंपनीला बाहेरच्या माणसाकडून ठेव घेता येत नाही. संचालक किंवा त्याचे नातेवाईक स्वतःचे पैसे असल्याचं लिहून देऊन देऊ शकतात, मेहुण्याचा मित्र नाही. शेअरसाठी घेतले तर ६० दिवसांत शेअर वाटप व्हायला हवं. नाही झालं तर पुढच्या १५ दिवसांत परत करायचे, तेही नाही केलं तर १२ टक्के व्याज चढतं आणि ती रक्कम ठेव धरली जाते. कर्ज किंवा ठेव म्हणून २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेऊ नका. घेतल्याइतकाच दंड होऊ शकतो.

बायकोला सगळीकडे नॉमिनी लावलं आहे. तेवढ्याने भागेल?

नॉमिनी म्हणजे वारस हा महाराष्ट्रभर पसरलेला गैरसमज आहे. शेअर्सच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने १४ डिसेंबर २०२३ रोजी सांगून टाकलं: नॉमिनी रक्कम किंवा शेअर हातात घेतो, मालक वारसा कायद्याने किंवा मृत्युपत्राने ठरतो. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. नोंदणी बंधनकारक नाही, पण केलेली बरी.

माणसं

माझ्याकडे अठरा माणसं आहेत. दोन घेतली तर पीएफ लागतो, म्हणून ती लेबर कॉन्ट्रॅक्टरच्या नावावर घेतली. चालेल?

नाही. पीएफसाठी २० मोजताना ठेकेदाराकडची माणसंही तुमच्यातच मोजतात. मुकादमाने आणलेला, रोजंदारीवरचा, ‘तो तर ट्रेनी आहे’ म्हणून बाजूला ठेवलेला, सगळ्यांची हजेरी तपासनीस बघतो. काही जण एकाच शेडमध्ये दोन पाट्या लावतात. एक फर्म स्वतःच्या नावावर, दुसरी बायकोच्या. पण मशीन सामाईक, हिशेबनीस एक, माणसं इकडून तिकडे फिरतात, मालही एकमेकांकडेच जातो. अशा वेळी दोन्ही मिळून एकच आस्थापना धरली जाते आणि मागच्या तारखेपासून हिशेब निघतो. मूळ रक्कम, त्यावर व्याज, वर दंडात्मक नुकसानभरपाई. कामगारांचा हिस्सा तेव्हा कापलेलाच नसतो, त्यामुळे दोन्ही हिस्से मालकाच्या खिशातून जातात. नंतर माणसं कमी होऊन पंधरा झाली तरी एकदा लागलेला पीएफ सुटत नाही.

याहून वाईट म्हणजे कामगारांच्या पगारातून पीएफ कापायचा आणि अडचण आहे म्हणून भरायचा नाही. तो गुन्हेगारी विश्वासघात ठरतो. त्या महिन्यात सप्लायरचे पैसे थांबवा, पण हे थांबवू नका.

बाकीचे आकडेही लक्षात असू द्या. १० माणसं झाली की ईएसआय (कामगार राज्य विमा), म्हणजे महिना २१ हजारांपर्यंत पगार असलेल्यांसाठी मालकाचे ३.२५ टक्के आणि कामगाराचे ०.७५ टक्के. १० झाली की ग्रॅच्युइटी, मातृत्व रजा आणि लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती. ५० झाली की पाळणाघर. व्यवसाय कर मात्र माणसं मोजत बसत नाही. तुमचा स्वतःचा वर्षाला २५०० रुपये, आणि करपात्र पगाराचा एक जरी माणूस असला तरी त्याच्या पगारातून कापून भरायचा वेगळा क्रमांक.

नवे कामगार कायदे आले म्हणतात. माझ्यासारख्या लहान माणसाला काय फरक?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार संहिता लागू झाल्या आणि जुने २९ कायदे त्यांत सामावले. लहान मालकाला तीन ठिकाणी लगेच जाणवतं.

पहिलं, पगाराची व्याख्या. मूळ पगार ५ हजार आणि बाकी १३ हजार ‘भत्ते’ दाखवून पीएफ-ग्रॅच्युइटी वाचवायची जुनी युक्ती संपली. एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त भत्ते असतील तर वरचा भाग पगारातच धरला जातो. दुसरं, नेमणूकपत्र. प्रत्येक कामगाराला ते द्यायचं आहे. आपल्याकडे निम्मी माणसं ‘ये उद्यापासून’ या दोन शब्दांवर लागलेली असतात, त्यांची पत्रं आता बसून करा. तिसरं, हिशेब. माणूस सोडून गेला किंवा काढला तर त्याचा पगार दोन कामाच्या दिवसांत चुकता करायचा. ‘दहा तारखेला ये’ हे चालणार नाही. शिवाय मुदतीच्या करारावरच्या कामगाराला आता पाच वर्षं न थांबता एका वर्षानंतरही ग्रॅच्युइटी मिळते.

मोठं होऊ पाहणाऱ्यांसाठी आणखी एक मर्यादा आहे: कारखान्यात ३०० कामगार झाले की कपात किंवा कारखाना बंद करायला सरकारची आगाऊ परवानगी लागते. पूर्वी हा आकडा १०० होता.

लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी समिती नेमायची तर आमच्याकडे बायका तीनच. आणि इथे असलं काही होत नाही.

‘इथे असलं काही होत नाही’ हे वाक्य तक्रार आल्यावर फार महाग पडतं. १० किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी २०१३ च्या कायद्याने अंतर्गत समिती हवी, मग त्यात स्त्रिया किती हा प्रश्न येत नाही. अध्यक्ष वरिष्ठ पदावरची स्त्री, निम्म्या सदस्य स्त्रिया, आणि एक सदस्य बाहेरची, म्हणजे स्त्रियांच्या प्रश्नांवर काम करणाऱ्या संस्थेतली किंवा या विषयाची जाणकार. समिती नसेल तर ५० हजारांपर्यंत दंड, पुन्हा तेच आढळलं तर दुप्पट, आणि परवान्यावरही गदा येऊ शकते. गोवा विद्यापीठातल्या एका प्रकरणातून २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने समित्या खरोखर नेमल्या जातात का हे तपासायला सांगितलं, तेव्हापासून विचारणा वाढली आहे. मालकाच्या सुनेला अध्यक्ष करून मोकळं होऊ नका. तक्रार मालकाच्या मुलाविरुद्ध आली तर ती काय करणार?

शिकवून तयार केलेला पोरगा समोरच्या गल्लीत जाऊन तोच धंदा काढतो. बाँड लिहून घेऊ का?

‘नोकरी सोडल्यावर दोन वर्षं हा धंदा करणार नाही’ असा बाँड १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २७ पुढे टिकत नाही. पोट भरण्याचा हक्क करारात विकता येत नाही, असा त्या कलमाचा सरळ अर्थ. पण नोकरीत असतानाच्या काळासाठीचं बंधन चालतं. प्रशिक्षणावर खरोखर खर्च केला असेल तर ठरावीक मुदतीआधी सोडल्यास वाजवी रक्कम मागता येते. एका सरकारी बँकेचा तीन वर्षं आणि दोन लाखांचा असा बाँड सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये योग्य ठरवला. ग्राहकांची यादी, रेसिपी, डिझाइन, दरपत्रक ही गोपनीय आहेत हे नेमणूकपत्रात लिहा, आणि मग ती खरंच गोपनीय ठेवा. सगळ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरणारं दरपत्रक कुठलं कोर्ट गुपित मानेल?

गोदामात हमाल लावतो. माथाडीची नोंदणी माझ्यावर आहे का?

हमाली, चढ-उतार, मापाडीचं काम असेल आणि तुमचा भाग व धंदा १९६९ च्या माथाडी कायद्याच्या योजनेत येत असेल तर आहे. हा कायदा खास महाराष्ट्राचा. मजुरी आणि लेव्ही (मजुरीवरची ठरावीक टक्केवारी) माथाडी मंडळात भरायची आणि मंडळ हमालाला देतं. नोंदणी नसताना कुणी ‘माथाडी’ म्हणून गेटवर पैसे मागत असेल तर मंडळाकडे चौकशी करा आणि पोलिसांत तक्रार द्या.

जागा

दुकान पागडीचं आहे, वडिलांच्या नावावर. आता कंपनी करून तिच्या नावावर धंदा नेतोय. घरमालकाला सांगावं लागेल?

थांबा, हे करण्याआधी नीट वाचा. कारण इथे धंद्याच्या वाढीनेच लोकांची जागा गेली आहे.

भाडेकरू तुमचे वडील आहेत. कंपनी म्हणजे कायद्याने तिसरीच व्यक्ती, तिचे सगळे शेअर तुमच्या घरात असले तरी. घरमालकाच्या संमतीशिवाय ती जागेत बसली की त्याला पोटभाडेकरूचा मुद्दा मिळतो आणि तो जागा खाली करून मागण्याचं कारण ठरू शकतो. भागीदार घेतला पण ताबा वडिलांकडेच राहिला, तर गोष्ट वेगळी. तिथे कोर्ट भागीदारी खरी आहे की जागा विकायचा आडोसा, हे बघतं.

दुसरा खड्डा याहून खोल आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ३ नुसार भरणा झालेलं भागभांडवल एक कोटी किंवा अधिक असलेल्या प्रायव्हेट आणि पब्लिक लिमिटेड कंपन्यांना या कायद्याचं संरक्षण नाही. म्हणजे कंपनीच भाडेकरू आहे, चाळीस वर्षांपासून नाममात्र भाडं भरते आहे, आणि बँकेने सांगितलं म्हणून किंवा टेंडरच्या अटीसाठी तुम्ही भांडवल ६० लाखांवरून एक कोटी केलं. त्या दिवशी घरमालकाच्या हातात तुम्ही स्वतः किल्ली दिली. सीए भांडवल वाढवताना कराचा विचार करतो. दुकानाच्या भाडेपावतीचा विचार तुम्हीच करायला हवा. भांडवल वाढवण्याऐवजी संचालकाचं कर्ज म्हणून पैसे घालणं अशा वेळी शहाणपणाचं.

लिव्ह अँड लायसन्सवर जागा घेतली असेल तर करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. नोंदणीची जबाबदारी कायद्याने घरमालकाची. नोंदणी नसली तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, हे घरमालकांना क्वचितच माहीत असतं. आणि १०० रुपयांचा स्टॅम्प आता विसरा. ऑक्टोबर २०२४ पासून बहुतेक करारांना ५०० रुपयांचा लागतो.

एमआयडीसीतला प्लॉट तर माझाच आहे ना?

तो भाडेपट्टा आहे, सहसा ९५ वर्षांचा. फर्मचं नाव बदललं, भागीदार बदलले, प्रोप्रायटरीची कंपनी झाली, शेडचा अर्धा भाग दुसऱ्याला भाड्याने दिला, यातल्या कशालाही महामंडळाची परवानगी लागते आणि बऱ्याचदा शुल्कही. उत्पादन बदललं किंवा वाढवलं तर प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्रही बदलून घ्यावं लागतं. जुन्या संमतीपत्रावर दुप्पट उत्पादन, हे तक्रार करणाऱ्या शेजाऱ्याच्या हातातलं कोलीत.

पाटी मराठीत हवी हे फक्त मोठ्या दुकानांना ना?

२०२२ च्या दुरुस्तीनंतर सगळ्यांना, माणसं कितीही असोत. देवनागरी अक्षरं इतर भाषेतल्या अक्षरांपेक्षा लहान नकोत.

पैसा

जीएसटीत नेमकं कुठल्या आकड्याला काय बदलतं?

फक्त माल विकत असाल तर ४० लाख, सेवा देत असाल तर २० लाखांनंतर नोंदणी. हे आकडे एका पॅनवरच्या देशभरातल्या सगळ्या धंद्यांचे मिळून असतात. किराणा दुकान आणि क्लासेस वेगळे धरून चालत नाही, करमाफ विक्रीही मोजली जाते. दुसऱ्या राज्यात माल विकला तर सहसा पहिल्या रुपयापासून नोंदणी. सीमेवरच्या मंडळींना हे जास्त लागू. निपाणी कागलहून जवळ असली तरी कर्नाटकात आहे.

५ कोटींचा आकडा फसवा आहे. २०१७-१८ पासून कुठल्याही एका वर्षी उलाढाल ५ कोटींच्या वर गेली असेल तर व्यापाऱ्याला दिलेल्या प्रत्येक बिलाला सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं ई-इन्व्हॉइस लागतं, यंदा ती दोन कोटींवर आली असली तरी. ते नसलेलं बिल कायद्याने बिलच नाही. ग्राहकाचं क्रेडिट, म्हणजे त्या बिलावरच्या कराची वजावट, अडकतं आणि तो तुमचं पेमेंट अडकवतो.

आयकराकडून आणखी एक: उलाढाल एक कोटीवर गेली की पुढच्या वर्षापासून प्रोप्रायटरलाही भाडं, ठेकेदार, व्यावसायिक शुल्क यांवर टीडीएस कापावा लागतो. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आला आहे, तेव्हा जुन्या करारांत कलमांचे आकडे लिहिलेले असतील तर ते बदलून घ्या.

मोठी कंपनी माल घेते आणि १२० दिवसांनी पैसे देते. बोललं तर ऑर्डर बंद. काय करू?

तुम्ही सूक्ष्म किंवा लघु उत्पादक वा सेवा देणारे असाल आणि लहान उद्योगांसाठीची सरकारी ‘उद्यम’ नोंदणी असेल तर २००६ चा एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योगांचा) कायदा तुमच्या बाजूने आहे. नोंदणी फुकट आहे, आणि ती ऑर्डर घेण्याआधीची हवी. करार असला तरी ४५ दिवसांपलीकडे उधारी नाही, करार नसेल तर १५ दिवस. पर्चेस ऑर्डरवर ‘९० दिवस’ छापलेलं असलं तरी ४५ च्या वरचे दिवस गळून पडतात. उशीर झाला की रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही महिन्याला चक्रवाढ. अशा थकबाकीचे वाद ऐकणाऱ्या विभागीय फॅसिलिटेशन कौन्सिलकडे अर्ज करता येतो, आणि कौन्सिलच्या निवाड्याला आव्हान द्यायचं तर खरेदीदाराला आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. नुसत्या व्यापाऱ्याला मात्र उद्यम नोंदणी असूनही हा फायदा नाही.

पण तुमचा खरा प्रश्न ऑर्डर जाण्याचा आहे, तो मी टाळत नाही. कौन्सिलकडे जाणं म्हणजे तो ग्राहक बहुधा गमावणं. त्याआधीचं सौम्य हत्यार वापरा. २०२३-२४ पासून अशा थकीत रकमेची वजावट खरेदीदाराला ती प्रत्यक्ष देईपर्यंत आयकरात मिळत नाही. म्हणून प्रत्येक बिलावर उद्यम क्रमांक आणि ‘लघु उद्योग’ असं छापा, आणि फेब्रुवारीत त्यांच्या अकाउंट्स विभागाला, खरेदी विभागाला नव्हे, थकबाकीची यादी पाठवा. ३१ मार्चच्या आत पैसे येण्याची शक्यता बरीच वाढते. भांडणही होत नाही, कारण त्यांचाच ऑडिटर ते मागत असतो.

चेक परत आला. दोन-तीनदा पुन्हा टाकून बघू का?

चेकची तीन महिन्यांची मुदत आहे तोवर टाका, पण तारखा लिहून ठेवा. बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस, ती मिळाल्यापासून १५ दिवस पैसे द्यायला, त्यानंतर एका महिन्यात फिर्याद. ‘गणपतीनंतर देतो’ या आश्वासनावर हे दिवस निघून जातात. नुसता दिवाणी दावा लावायचा असेल आणि व्यापारी वाद तीन लाखांवरचा असेल, तर तातडीचा मनाई हुकूम नको असल्यास आधी मध्यस्थी बंधनकारक आहे. ती टाळून लावलेला दावा फेटाळला जातो. उधारीची मुदत तीन वर्षं, म्हणून दरवर्षी खातं कन्फर्म करून सही घेत चला.

नाव

कंपनीचं नाव मंजूर झालं म्हणजे ब्रँड माझा झाला ना?

नाही. रजिस्ट्रार तसंच नाव दुसऱ्या कंपनीचं किंवा ट्रेडमार्कचं नाही एवढं बघतो. ब्रँडसाठी ट्रेडमार्क वेगळा, आणि तोही मालाच्या वर्गवार: मसाले ३० मध्ये, कपडे-चपला २५ मध्ये. ऑनलाइन अर्जाची फी एका वर्गाला ४५०० रुपये, तुम्ही व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघु उद्योग असाल तर. बाकीच्यांना ९०००. मुदत दहा वर्षं, पुढे नूतनीकरण.

आपल्याकडचा खास घोळ आडनावाच्या ब्रँडचा. आजोबांच्या नावाने चालणारा फरसाणाचा धंदा, तीन मुलांची तीन दुकानं, पाट्यांवर तेच आडनाव आणि खाली बारीक अक्षरांत ‘बंधू’ किंवा ‘आणि सन्स’. जोवर एकच गाव तोवर निभावतं. एकाने पॅकेटं करून मुंबईच्या मॉलला पाठवली की वाद पेटतो. स्वतःचं नाव प्रामाणिकपणे वापरायची मुभा कायदा देतो, पण प्रामाणिकपणा कुठे संपतो हे ठरवायला वर्षं जातात. ट्रेडमार्क कुणाच्या नावावर आहे ते आजच तपासा. बऱ्याचदा अर्ज करायला गेलेल्या भावाच्या वैयक्तिक नावावर तो निघतो, आणि मग फर्मने वाढवलेला ब्रँड त्याचा एकट्याचा असतो.

लोगो आणि वेबसाइट पैसे देऊन करून घेतली. ती तरी माझी?

पगारी नोकराने केली असेल तर तुमची. बाहेरच्या डिझायनरने किंवा फ्रीलान्सरने केली असेल तर लेखी हस्तांतरण होईपर्यंत कॉपीराइट साधारणपणे त्याचा. पैसे दिल्याची पावती पुरत नाही. हस्तांतरणाच्या कागदात मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. दोन ओळींचं काम आहे, शेवटचा हप्ता देण्याआधी करून घ्या.

नोटीस

नोटीस आलीच नाही, थेट खातं गोठवलं. असं कसं?

नोटीस आली होती, फक्त तुमच्यापर्यंत पोचली नाही. जीएसटीच्या पोर्टलवर ती ‘अॅडिशनल नोटिसेस अँड ऑर्डर्स’ या कोपऱ्यात पडून असते, आणि कळवणारा ईमेल जातो नोंदणीच्या वेळी दिलेल्या पत्त्यावर. तो पत्ता तीन वर्षांपूर्वी सोडून गेलेल्या अकाउंटंटचा असतो. मोबाइलही त्याचाच. माझ्या एका अशिलाची अपिलाची मुदत अशीच गेली. आदेश कळल्यापासून तीन महिन्यांत अपील, सोबत वादातल्या कराचे १० टक्के भरायचे. फार तर आणखी एक महिना सबळ कारण दाखवून मिळतो, त्यापुढे अपील अधिकाऱ्याचेही हात बांधलेले.

आज संध्याकाळी पोर्टल उघडा आणि ईमेल व मोबाइल स्वतःचा करून घ्या. या बदलाला अधिकाऱ्याची मंजुरीही लागत नाही. पीएफ, आयकर आणि कंपनी रजिस्ट्रारच्या पोर्टलवरही तेच करा. डिजिटल सहीचा पेनड्राइव्ह सीएच्या ड्रॉवरमध्ये असेल तर तो मागून घ्या.